हॉट रॉडसाठी लँड स्पीडचा वर्ग निवडताना: आधी विक्रमांची यादी, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा: गाडी कॅलिफोर्नियात आहे. १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची बॉडी, खाली १९३२ च्या फोर्डची चासी, आत शेव्हरोलेचं ३५० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०३० इंचाने वाढवलेलं. यूटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरच्या स्पीड वीकला, म्हणजे सरळ मार्गावर कमाल वेग मोजणाऱ्या लँड स्पीड शर्यतीला, उतरायचं आहे. त्यासाठी इंजिन ३८३ घन इंचांचं करणारा, लांब स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली चाल वाढवणारा) क्रँक घ्यायचा विचार आहे. नाव कोणत्या वर्गात घालावं?

क्रँक इतक्यात घेऊ नका. आधी इंजिन बांधायचं आणि मग ते कुठल्या वर्गात बसतं ते बघायचं, हे आधी कळस मग पाया झालं. लँड स्पीडमध्ये तुमची शर्यत शेजारच्या गाडीशी नसते. ती यादीतल्या एका आकड्याशी असते, आणि तो आकडा महिनोन्‌महिने आधी तुमच्यासमोर असतो. वर्ग निवडायचा म्हणजे कोणत्या आकड्याशी भिडायचं ते ठरवायचं.

सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, ही १९३७ पासूनची संस्था. कोरड्या तलावांवरच्या शर्यती तिने चालवल्या आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठावरच्याही. तिच्या पद्धतीत गाडीच्या वर्गाचे तीन भाग असतात: इंजिनाचं अक्षर, इंधन आणि बॉडी. ‘सी/जीआर’ म्हणजे सी आकाराचं इंजिन, पेट्रोल, रोडस्टर. त्यात बी आला, ‘सी/बीजीआर’ झालं, की सुपरचार्जर किंवा टर्बो आहे. दोन्हींना एकच बी. जीच्या जागी एफ आला तर इंधन खुलं: मिथेनॉल, नायट्रोमिथेन, नायट्रस. तिन्ही भाग स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून तुमच्या एका गाडीसमोर खरं तर दहा-पंधरा वर्ग उघडे आहेत.

इंजिनाची अक्षरं घन इंचांत अशी: ५०१ आणि वर एए, ४४० ते ५००.९९ ए, ३७३ ते ४३९.९९ बी, ३०६ ते ३७२.९९ सी, २६१ ते ३०५.९९ डी, १८४ ते २६०.९९ ई, १२३ ते १८३.९९ एफ. त्याखाली जी ते के, पण ती मोटारसायकलच्या आणि लहान गाड्यांच्या इंजिनांची दुनिया आहे. तुमच्या कामाचे बी, सी आणि डी.

आता तुमचं इंजिन मोजू. घनफळ = बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक × सिलिंडर. तुमचं ४.०३० बोअर आणि ३.४८ स्ट्रोक, म्हणजे ३५५.१. सीमध्ये आरामात बसतं, पण वरच्या मर्यादेपासून जवळजवळ १८ घन इंच कमी. ३.७५ चा क्रँक घातला की ३८२.७ होतात आणि इंजिन बीमध्ये ढकललं जातं. तिथे मर्यादा ४४० ची. म्हणजे २८ घन इंच कमावण्यासाठी तुम्ही ५७ घन इंच मोठ्या इंजिनांच्या रांगेत जाऊन उभे राहता.

हे वेगाच्या भाषेत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे वेगातला फरक हा ताकदीतल्या फरकाच्या घनमुळाएवढाच निघतो. ३५५ चं ३८३ केलंत तर ताकद साधारण आठ टक्के वाढेल, वेग अडीच टक्के. ताशी २०० मैलांवर पाच मैल. बीच्या मर्यादेपर्यंत भरलेलं इंजिन मात्र त्याच हिशोबाने ३८३ पेक्षा ताशी नऊ मैल पुढे असतं. पाच मिळाले आणि नऊ गमावले.

उलट बाजूने पाहा. शेव्हरोलेचा ३.४८ स्ट्रोकचा क्रँक ४.१२५ बोअरमध्ये घातला तर ३७२.१ घन इंच होतात. सीची मर्यादा ३७२.९९. लँड स्पीडच्या लोकांत ‘३७२’ हा आकडा सारखा ऐकू येतो तो याच कारणाने: वर्ग काठोकाठ भरतो. पण त्यासाठी ४.१२५ बोअर सहन करणारा ब्लॉक लागतो. शेव्हरोलेच्या मूळ ४०० घन इंचांच्या ब्लॉकमध्ये सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, मध्ये पाणी फिरत नाही, आणि हेडला वाफ जाण्याची भोकं पाडावी लागतात. ती विसरली की पाणी सिलिंडरांच्या मध्ये उकळतं आणि गॅस्केट तिथेच जातं. बाजारातला जाड भिंतींचा ब्लॉक घेतला तर हा त्रास नाही, पण पैसे बरेच जातात. आणि मिळतं काय? ३५५ वरून ३७२ म्हणजे वेगात दीड टक्का, ताशी २०० वर तीन मैल. तुमच्यात आणि विक्रमात तेवढंच अंतर उरलं असेल तेव्हाच हा खर्च करा.

माझ्या मते तुम्ही गांभीर्याने पाहावा असा वर्ग डी आहे. ब्लॉक तोच, क्रँक ३.०० स्ट्रोकचा. पण नेमकी इथेच एक चूक होते, आणि ती हजारो डॉलरना पडते. तुमचा ब्लॉक आधीच ४.०३० वर आहे. ४.०३० आणि ३.०० चा गुणाकार करा: ३०६.१३. डीची मर्यादा ३०५.९९. केसाएवढ्या फरकाने इंजिन सीमध्ये जातं, तेही सीच्या अगदी तळाला, जिथे काठोकाठ भरलेल्या इंजिनाच्या तुलनेत वेगात सहा टक्क्यांहून जास्त तूट आहे. ३.०० स्ट्रोकवर डीमध्ये राहायचं तर बोअर ४.०२९ च्या वर जाता कामा नये. ४.०२० वर ३०४.६ होतात, मूळ ४.००० वर ३०१.६. म्हणजे डीसाठी तुम्हाला दुसरा ब्लॉक लागेल, शक्यतो बोअर न वाढवलेला. बोअरिंगवाल्याला ‘तीस थाउ (०.०३० इंच) साफ करून दे’ असं सवयीने सांगू नका. कागदावर कमाल बोअर लिहून द्या. आणि मर्यादेला अगदी चिकटूही नका. विक्रम झाला की इंजिन उघडून बोअर आणि स्ट्रोक मोजतात, आणि मिठावर चार दिवस धावलेलं सिलिंडर नव्यासारखं राहिलेलं नसतं. अर्धा ते एक घन इंच हातचा राखून ठेवा.

३.०० चा क्रँक निवडताना मेन जर्नल (क्रँकचा ब्लॉकमध्ये टेकून फिरणारा भाग) २.४५ इंचाचं आहे ना ते पाहा. १९६७ च्या ३०२ चा क्रँक लहान जर्नलचा आहे. तो ३५० च्या ब्लॉकमध्ये तसाच बसत नाही. मग पिस्टन. ब्लॉकची डेक उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या सपाटीपर्यंत) ९.०२५ इंच. अर्धा स्ट्रोक १.५०, कनेक्टिंग रॉड ५.७ आणि ३५० चे १.५६ कंप्रेशन हाइटचे (पिनपासून माथ्यापर्यंतची उंची) पिस्टन यांची बेरीज ८.७६. पिस्टन पाव इंचाहून जास्त खाली थांबतो आणि कंप्रेशनचा बोऱ्या वाजतो. तेच पिस्टन ६ इंची रॉडवर ठेवले तर ०.०३५ इंच डेकच्या वर येतात आणि जाड गॅस्केट नसेल तर हेडला लागतात. ६ इंची रॉड आणि दीड इंच कंप्रेशन हाइटचे पिस्टन, ही जोडी बसते. ती ठरवून मागवा. जुन्या इंजिनातलं सामान त्यात चालवू नका.

सी की डी, हे ठरवायची कसोटी सोपी आहे. ३०२ हे ३५५ च्या ८५ टक्के. घनमूळ काढलं तर वेग सुमारे सव्वापाच टक्क्यांनी घटतो. म्हणजे त्याच बॉडीच्या, त्याच इंधनाच्या यादीत डीचा विक्रम सीच्या विक्रमापेक्षा सव्वापाच टक्क्यांहून जास्त खाली असेल तर डी सोपा. त्याहून जवळ असेल तर सी सोपा. लहान स्ट्रोकचं इंजिन जास्त आरपीएमला नेता येतं, त्यामुळे प्रत्यक्षात तूट याहून थोडी कमीच पडते. हीच कसोटी कोणत्याही दोन अक्षरांना लावा. यादी समोर ठेवून तासाभराचं काम आहे.

पण त्याआधी आपली गाडी खरंच किती वेगाने जाईल ते ठरवा, आणि स्वतःशी प्रामाणिक राहून ठरवा. सूत्र असं: हवेसाठी लागणारी हॉर्सपॉवर = सीडीए × वेगाचा घन ÷ १,४६,६००. वेग ताशी मैलांत, सीडीए चौरस फुटांत, म्हणजे हवेचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ. उघड्या चाकांच्या मॉडेल ए रोडस्टरसाठी अंदाजाला ८ धरा. २०० वर येतात ४३७. मिठाचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे आणि ऑगस्टच्या दुपारी हवा ६,००० फुटांवरच्यासारखी विरळ होते. घनता साधारण ०.८४. म्हणून हवेसाठी ३६७ पुरतात. त्यात मिठावर चाकं ओढण्याची ताकद घाला. ३,००० पौंडांच्या गाडीला २०० वर साठ-सत्तर हॉर्सपॉवर धरा, ओलं मीठ असेल तर आणखी. बेरीज सुमारे ४३०. टायर पाच टक्के तरी घसरतात, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल बारा-तेरा टक्के खातात. म्हणजे क्रँकवर सव्वापाचशेच्या आसपास हवेत. आणि ही त्या विरळ हवेतली ताकद आहे. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) समुद्रसपाटीला दुरुस्त केलेल्या कागदावर तो आकडा ६२० च्या घरात दिसला पाहिजे.

हाच हिशोब १८० ला केला तर डायनोवर ४७० पुरतात. तुमचं ३५५ चांगलं बांधलेलं असेल तर ते या दुसऱ्या आकड्याजवळ आहे. शेव्हरोले व्ही-८ बसतं त्या अक्षरांत रोडस्टरचे पेट्रोल विक्रम ताशी २०० च्या बरेच वर आहेत. १८० वरून २०० म्हणजे ऐकायला वीसच मैल, पण डायनोवर दीडशे हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी विक्रम हाती लागणार नाही हे गृहीत धरून वर्ग निवडा: असा, की ज्यात तुमची गाडी दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पोचेल.

आता बॉडी. रोडस्टरच्या वर्गांत १९२३ ते १९३८ ची अमेरिकन रोडस्टर बॉडी चालते, म्हणजे तुमची १९२९ ची बसते. स्ट्रीट रोडस्टर, एसटीआर, हा सगळ्यांत मूळ स्थितीजवळचा वर्ग: गाडी रस्त्यावरच्या साजासह आणि पेट्रोलवर. त्यानंतर जीआर आणि एफआर. त्यापुढे मॉडिफाइड रोडस्टर, ज्यात काउलच्या (विंडशील्डच्या पायथ्याशी असलेल्या भागाच्या) पुढे निमुळतं नाक लावता येतं आणि इंजिन-ड्रायव्हर मागे सरकवता येतात. त्याही पलीकडे लेकस्टर: चाकं उघडी, पण अंग पाण्याच्या थेंबासारखं. युद्धानंतर बिल बर्क यांनी विमानाच्या पोटाखालच्या इंधनटाकीत इंजिन बसवलं, तेव्हापासूनची ही जात. तुमच्या चासीतून मॉडिफाइड करायचं म्हणजे नवी गाडीच बांधणं. तुमच्यासाठी खरी निवड एसटीआर आणि जीआर यांत आहे. तुमची गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असेल आणि दिवे, वायरिंग, आतलं काम काढायची इच्छा नसेल, तर एसटीआरची यादी आधी पाहा. मात्र त्या वर्गात काय काय जागेवर असलंच पाहिजे ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात ओळीओळीने तपासा. तपासणीत हमखास अडकवतात त्या गोष्टी बारीकच असतात.

इंधनाबद्दल थोडं नीट सांगतो, कारण कागदावर ही सगळ्यांत स्वस्त पळवाट वाटते. जी वर्गात पेट्रोल शर्यतीच्या जागीच विकत घ्यायचं. टाकी भरली की अधिकारी झाकणाला तार ओवून सील लावतात. म्हणून झाकणात आणि टाकीच्या गळ्यात तार जाईल अशी भोकं घरूनच पाडून न्या. रणरणत्या मिठावर ड्रिल शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो. सील नसलं की तुम्ही आपोआप एफमध्ये. पुष्कळजण याचा चांगला उपयोग करतात: आधी जीमध्ये धावतात, तो विक्रम झाला की त्याच गाडीला एफमध्ये नव्याने उतरवतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना वर्गाची अक्षरं लागतात. म्हणून ती रंगवू नका, सोलून काढता येतील अशी चिकटपट्टीची करा.

मिथेनॉलला जायचं तर फक्त कार्ब्युरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी भोकं) बदलून भागत नाही. ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणजे पंप, नळी, फिल्टर, टाकी सगळंच मोठं. ते पाणी ओढून घेतं आणि ॲल्युमिनियम खातं. दिवस संपला की कार्ब्युरेटर आणि पाइपलाइन पेट्रोलने धुऊन काढावी लागते. बदल्यात इंजिन थंड राहतं आणि डेटोनेशनची (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटण्याची) भीती बरीच कमी होते. नायट्रसचं गणित मात्र इथे बसत नाही. ड्रॅग शर्यतीत ते काही सेकंद चालवायचं असतं. मिठावर गाडी मिनिट-दीड मिनिट पूर्ण थ्रॉटलवर असते. १०० हॉर्सपॉवरसाठी दर दहा सेकंदांना साधारण एक पौंड धरलं तर दहा पौंडांची बाटली एका धावेत जवळजवळ संपते, आणि त्याआधीच दाब उतरून मिश्रण बिघडतं. पिस्टन वितळतो तो तिसऱ्या-चौथ्या मैलाला.

पूर्ण थ्रॉटलचा हा कालावधी पेट्रोलच्या वर्गातही इंजिनं मारतो. डायनोवर सर्वांत जास्त ताकद देणारं इग्निशन टायमिंग मिठावर दोन ते चार अंश मागे घ्या. पिस्टन रिंगची फट रस्त्याच्या मापाहून थोडी जास्त ठेवा. ऑइल पॅन मोठा घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक वाट सुचवतो. विंटेज इंजिनांची वेगळी अक्षरं आहेत. एक्सएफ म्हणजे १९३२ ते १९५३ चं फोर्ड-मर्क्युरी फ्लॅटहेड व्ही-८, ३२५ घन इंचांपर्यंत. एक्सओमध्ये १९६० पूर्वीची सरळ रांगेतली सहा-आठ सिलिंडरची इंजिनं, आणि व्ही४ मध्ये मॉडेल ए-बीसारखी जुनी चार सिलिंडरची. तिथले विक्रम आधुनिक व्ही-८ पेक्षा पुष्कळ खाली आहेत आणि मॉडेल ए रोडस्टर त्यांना शोभूनही दिसते. पण स्वस्त म्हणून जाऊ नका. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून बाहेर येतो, प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड असतं. त्या जागी उष्णता साचते, आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे तडे जातात. ३⅜ बोअर आणि ४⅛ स्ट्रोकचं २९५ घन इंचांचं इंजिन बांधायला न तडकलेला ब्लॉक मिळेपर्यंत तीन-चार ब्लॉक तपासावे लागू शकतात. ज्यांना त्या इंजिनाचं प्रेम आहे त्यांनी जरूर करावं.

बॉनव्हिल आणि एल मिराज (कॅलिफोर्नियातला कोरडा तलाव) यांच्या याद्या वेगळ्या, आणि निवडही वेगळी पडते. बॉनव्हिलला लांब मार्ग पाच मैलांचा. विक्रमापेक्षा जास्त वेग निघाला की गाडी इंपाउंडमध्ये (अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या आवारात) जाते, तिथे काम करायला मोजकेच तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दिशेने दुसरी धाव. दोन्हींची सरासरी विक्रमाच्या वर हवी. विक्रम ताशी अर्ध्या मैलाने ओलांडणारी गाडी सकाळी मार खाते: थंड हवेत जेटिंग बदलतं, मीठ दमट असतं, रात्रीत क्लचने कुरकुर सुरू केलेली असते. तीन ते पाच मैलांची सवड राहील असाच वर्ग धरा. एल मिराजला मार्ग १.३ मैलांचा, मातीवर, आणि एकाच धावेत विक्रम होतो. तिथे वेग पकडण्याची ताकद आणि टायरची पकड महत्त्वाची. त्या यादीत तुमचा ३५५ कदाचित बॉनव्हिलपेक्षा जवळ दिसेल. शिवाय मीठ दगा देतं: २०१४, २०१५ आणि २०२२ ला स्पीड वीक रद्द झाला. तेव्हा दोन्ही याद्यांत काही तरी हाती लागेल असं इंजिन निवडणं शहाणपणाचं.

गिअर वर्गाबरोबरच ठरतो. आरपीएम = वेग × रेशो × ३३६ ÷ टायरचा व्यास. रेशो म्हणजे मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो. २८ इंची टायर, २.७५ चा रेशो, २०० मैल: ६,६००. सहा टक्के घसरण धरली तर ७,०००. इंजिनाची कमाल ताकद याच्या आसपास येत असेल तर ठीक. येत नसेल तर क्विक-चेंज रिअर एंडचा विचार करा. त्यात मैदानावरच रेशो बदलता येतो. हलकी गाडी घसरते म्हणून वजन काढू नका, उलट मागच्या ॲक्सलपाशी शिशाचं वजन बोल्टने पक्कं करून बसवतात.

सुरक्षेच्या अटीही वर्गाच्या वेगाबरोबर वाढतात: टायरचं रेटिंग, पॅराशूट, आग विझवणारी यंत्रणा, सूटचा दर्जा. म्हणून १८० च्या गाडीला २२० च्या वर्गात नुसतं हौसेने नाव घालणं महाग पडतं. परवानाही पायरीपायरीने मिळतो, नवा ड्रायव्हर थेट २०० ला जाऊ शकत नाही. रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पोलादी सांगाडा) अजून बांधला नसेल तर तो वरच्या वेगाच्या नियमांनीच बांधा. तो नंतर बदलणं म्हणजे गाडी पुन्हा सोलणं. तोवर मीठ अनुभवायचं असेल तर यूटा सॉल्ट फ्लॅट्स रेसिंग असोसिएशनच्या वर्ल्ड ऑफ स्पीडमध्ये १३० आणि १५० मैलांचे क्लब आहेत. तिथे रस्त्यावरच्या गाडीजवळची गाडीही उतरवता येते.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवेन. या वर्षी ३५५ आहे तसंच ठेवा, ३८३ चा क्रँक घेऊ नका. पैसे केज, टायर आणि रेशोत घाला. सी/एसटीआर किंवा सी/जीआरमध्ये उतरून परवान्याच्या पायऱ्या चढा. प्रत्येक धावेत घसरण, आरपीएम आणि वेग लिहून काढा, म्हणजे वर अंदाजाने धरलेला सीडीएचा ८ हा आकडा तुमच्या गाडीसाठी खरा किती ते कळेल. मग हिवाळ्यात यादी उघडा आणि डीशी सव्वापाच टक्क्यांची तुलना करा. डी जवळ दिसला, तर न वाढवलेला ४.००० चा ब्लॉक शोधायला लागा.